वासुदेवनं प्लग काढला

या जगात एकदा लिहिलेलं काहीही खरोखर पुसलं जात नाही.

हे वाक्य मी अमरावतीच्या एका कॉलेजात, अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन उच्चारलं आहे. सभागृह गंभीर झालं. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या, मागच्या रांगेतल्या पोरांनी आपापले मोबाइल काळजीनं खिशात सरकवले. त्याच दिवशी माझ्या टेबलावर तीन हार्डडिस्क पडून होत्या आणि तिन्हींतलं सगळं कायमचं गेलेलं होतं. पण शाल अंगावर असताना माणूस असल्या गोष्टी काढत नाही.

माझा धंदा बिघडलेल्या डिस्कमधून हरवलेली माहिती काढून देण्याचा. सुरुवातीची वर्षं अकोल्यात गेली, नंतर अमरावतीला कोचिंग क्लासच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली घेतली. गिऱ्हाईक जिना चढून येतं, मला पाहतं आणि विचारतं, "सर नाहीत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"येणार नाहीत."

काही जण खाली उतरून गल्लीभर सर शोधून परत आलेले आहेत. त्यांच्याकडून मी जिन्याचे वेगळे पैसे घेत नाही.

डिस्कच्या पोटात काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या भन्नाट वेगानं फिरतात. चकतीवर चुंबकाचे अतिसूक्ष्म ठिपके असतात. ठिपक्याचं तोंड या बाजूला असेल तर एक अर्थ, त्या बाजूला असेल तर दुसरा. तुमच्या लग्नाचे फोटो, आयकराचे कागद, नातवाचं बारसं, सगळं शेवटी एवढंच. ठिपके वाचायला एक सुई असते. खरं तर ती सुई नव्हे, पण गिऱ्हाइकाला सुई कळते. ती चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगते. तो थर इतका पातळ की मध्ये धुळीचा कण आला तरी तो डोंगरासारखा आडवा येतो. सुई टेकली की ओरखडा, आणि ओरखड्याखाली जे होतं ते धूळ होऊन उडतं. ते परत आणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटल्याचं सांगणारे पुष्कळ भेटले.

दुसरी गोष्ट, पुसण्याची. तुम्ही फाइल पुसता किंवा डिस्क 'फॉरमॅट' करता तेव्हा बहुतेक वेळा फक्त नोंद पुसली जाते. सातबारा फाडला म्हणून शेत नाहीसं होत नाही, ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत जिथल्या तिथं असतं. मात्र सरकारदरबारी ती जागा आता मोकळी. मग कुणी नवा येतो, त्या मोकळ्या जागेवर नांगर फिरवतो, आणि तेव्हा जुनं पीक खरोखर संपतं. आमचा सगळा धंदा या दोहोंच्या मधल्या काळात चालतो. सातबारा फाटला आहे आणि नांगर अजून आला नाही.

हे लोकांना पटत नाही. त्यांचे स्वतःचे उपाय असतात. दर्यापूरचे एक गृहस्थ डिस्क तांदळाच्या डब्यात घालून घेऊन आले. मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. डिस्क पाण्यात पडलेली नव्हती. तांदूळ मात्र चांगला होता. अकोल्याच्या एका निवृत्त प्राचार्यांची डिस्क मी दुरुस्त केली, तीत त्यांच्या आजवरच्या सगळ्या सत्कारांचे फोटो होते. शाल बदलत होती, प्राचार्य हळूहळू म्हातारे होत होते आणि मागे उभ्या असलेल्या बाई तशाच कंटाळलेल्या होत्या. त्या बाई म्हणजे त्यांची पत्नी. डिस्क न्यायला त्याच आल्या.

"सगळेच सापडले का हो?" त्यांनी विचारलं.

"सगळेच."

"थोडे राहिले असते तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

आणि अकोल्याच्याच एक गाणं शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या गुरूंच्या तालमी डिस्कवर होत्या, दुसरीकडे कुठं नव्हत्या. डिस्क 'कर्र' आवाज करू लागली तेव्हा त्यांनी ती बंद केली नाही. आज नाही तर उद्या उघडेल म्हणून रोज लावत राहिल्या. मी झाकण उघडलं तेव्हा चकतीवर गोल चर पडला होता आणि त्यातून खालची काच दिसत होती. वरचा लेप पार खरवडून गेला होता. मी त्यांना ती दाखवली. त्यांनी विचारलं, "यातलं कुठं होतं ते?" मी म्हणाले, "सगळीकडे होतं." हे उत्तर अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून एखादी डिस्क टिकटिकायला लागली की माझा हात आपोआप प्लगकडे जातो.

ज्या प्लगबद्दल मला लिहायचं आहे तो मात्र माझ्या खोलीत नव्हता. तो अकोटला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात होता.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. मेघा वर आली. ती खालच्या क्लासमध्ये स्पर्धापरीक्षेची तयारी करत होती. झेरॉक्स काढायला यायची तेव्हा कधी वर डोकावायची, त्यामुळे तोंडओळख होती. त्या दिवशी ती बसली नाही.

"मॅडम, फॉरमॅट केलेल्या डीव्हीआरमधलं फुटेज निघते का?"

डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा डबा. आत हार्डडिस्कच असते.

"कुणाचा?"

मग तिनं सांगितलं. तिचे वडील वासुदेव अकोटच्या जिनिंगमध्ये हमाल. आदल्याच दिवशी हंगामाचा मुहूर्त झाला, यार्डात कापसाच्या गंजीची पूजा झाली, पाहुणे आले, भाषणं झाली, सगळे घरी गेले. संध्याकाळी गंजीतून धूर निघाला. बंब येईपर्यंत कापूस गेला, शेजारचं टिनाचं शेड गेलं. कापसाची आग अशीच असते. वरून काही दिसत नाही, आत धुमसत राहते आणि मग एकदम तोंड काढते. कुणीतरी म्हणालं, वासुदेव बिडी ओढतो. वासुदेव बिडी ओढतो हे सगळ्या अकोटला माहीत होतं, म्हणून ते लगेच सगळ्यांना पटलं. मालकांना तिथं भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी वासुदेवला फाटकाच्या आत यायला मनाई केली. विम्याचा माणूस पाहणी करून गेला की पोलिसांत तक्रार द्यायची, असं ठरलं.

"बाबा म्हनतात, बिडी मी बाहेरच्या टपरीवर ओढतो, आत कधीच नाही. फुटेज पाहा म्हनतात. आन फुटेजच गेलं."

"गेलं कसं?"

"आगीत लाइट गेली. लाइट आली तर पडद्यावर काहीतरी इंग्रजीत विचारून राहिलं होतं. भाऊसाहेबांचा पुतण्या पंकज, त्यानं 'यस' दाबलं."

बहुतेक लोक 'यस' दाबतात. यंत्र काय विचारतं ते कळत नाही, पण 'नो' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं.

"आणि आता तो डबा कुठं आहे?"

"तिथंच. चालू आहे. भाऊसाहेब म्हनले, पुरावा आहे, कोनी हात लावायचा नाही, बंद करायचा नाही."

मी हातातलं काम खाली ठेवलं. सातबारा फाटला होता, आणि हे लोक पुराव्याच्या रक्षणासाठी शेतात नांगर चालू ठेवून बसले होते. चालू डीव्हीआर रेकॉर्ड करत राहतो. फॉरमॅटनंतर तो डिस्कच्या सुरुवातीपासून नव्यानं लिहू लागतो. प्रत्येक तासाला जुन्यातला एक तास खातो. कुठला तास, ते नशीब.

"भाऊसाहेबांना फोन लाव. म्हणावं, वायर काढा."

तिनं जिनिंगच्या ऑफिसात लावला. फोन पंकजनं घेतला. स्पीकरवरून मला ऐकू येत होतं.

"मेघा, तुले काय कळते त्याच्यातलं? काकांनी सांगितलं, बंद करायचं नाही म्हनजे नाही. पुरावा आहे तो."

मी बोलायला गेले. पंकज म्हणाला, "तुमी कोन? तिथं सर नाहीत का?" आणि फोन ठेवला. भाऊसाहेबांचा स्वतःचा नंबर लागत नव्हता, ते विम्याच्या माणसाला आणायला अकोल्याला गेले होते.

मेघानं वडिलांना फोन लावला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"बाबा, कुठं आहे तुमी?"

"फाटकापाशी बसून राहिलो." मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"आत जा आन कॅबिनमधल्या डब्याचा प्लग काढा. त्याच्यात पुसून जाऊन राहिलं सगळं. मॅडम सांगतात."

वासुदेव म्हणाला, "मॅडमले दे."

"बोला वासुदेवभाऊ, ऐकतेय."

"मॅडम, मी काढीन प्लग. त्याले काय लागते. पन मग लोकं काय म्हनतीन? म्हनतीन, यानंच आग लावली आन यानंच पुरावा मिटवला. आता नुसतं बिडीचं नाव आहे, मग दोन होतीन."

तो अगदी बरोबर बोलत होता. माझ्याकडे फक्त माहिती होती.

"चालू राहिलं तर नक्की पुसलं जाईल," मी म्हणाले. "बंद केलं तर कदाचित सापडेल."

"कदाचित."

"हो. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही."

"म्हनजे मी कदाचितवर जाऊ."

"हो."

"पोरगी आहे का तिथं?"

"आहे."

"बरं," तो म्हणाला आणि फोन न तोडता उठला. चपलांचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली. कुणीतरी लांबून ओरडलं, "ओ वासुदेव, कुठं चालला बे?" चपला थांबल्या नाहीत. दार उघडल्याचा आवाज, कसलीतरी खुर्ची सरकली. "अरे हात नोको लावू, ये, पकडा त्याले." मग पंख्यासारखी एक बारीक घरघर, जी दार उघडल्यापासून आम्हाला ऐकू येत होती हे ती थांबल्यावरच कळलं.

"काढला," वासुदेव म्हणाला.

त्यानंतर फोनमध्ये नुसता गलका होता. मेघा उभी होती ती खाली बसली.

तिच्या बापाचं नाव आता खरोखर दोन ठिकाणी लागलं होतं, आणि त्यातलं दुसरं माझ्या सांगण्यावरून. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, डिस्क बिघडते ती गिऱ्हाइकाची. माझं काम फक्त प्रयत्नांचं. ती सोय त्या फोनबरोबर संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांची मोठी पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि अडकली. भाऊसाहेब, पंकज आणि वासुदेव असे तिघं वर आले. वासुदेव मागं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला, त्याला कुणी आत ये म्हटलं नाही. मी म्हटलं. साठीच्या आसपासचा, हडकुळा, पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा. त्यानं आधीच येऊन बसलेल्या मेघाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

भाऊसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, ते माणसांवर अन्याय करत नाहीत. दोन, विम्यावाल्याला फुटेज पाहिजे. तीन, फुटेज नाही निघालं तर ते का नाही निघालं हे पोलिसांत लिहून द्यायला त्यांच्याकडे चार साक्षीदार आहेत. हे बोलताना ते वासुदेवकडे बघत नव्हते. मोठी माणसं धमकी देताना बहुधा खिडकीबाहेर पाहतात.

पंकजनं डीव्हीआर टेबलावर ठेवला. वर कुंकवाचा टिळा, हळदीची बोटं. मुहूर्ताला सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली होती. मी झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकून वाळल्या होत्या आणि पंखा जाम झाला होता. आम्हाला फोनवर ऐकू आलेली घरघर त्याच पंख्याची, अडकून धडपडण्याची. डिस्क त्या बंद डब्यात दिवसरात्र भाजत बसली होती. मी ती बाहेर काढून माझ्या यंत्राला लावली. ती फिरली, थोडी थांबली आणि म्हणाली, टिक.

मी प्लग काढला.

"काय झालं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आजारी आहे."

"म्हनजे?"

"म्हणजे वाचता येईल, पण किती वेळ ते सांगता येत नाही. मध्येच मान टाकू शकते."

पंकज म्हणाला, "काल चालू होती तेव्हा तर काही आवाज नव्हता. प्लग ओढला म्हनून झालं."

वासुदेवनं दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. प्लग काढून असं होत नाही, पाकळ्यांनी होतं, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलंही. पण अशा वेळी सांगण्यापेक्षा काढून दाखवणं लागतं.

या धंद्याचा पहिला नियम असा की आजारी डिस्कवर काम करायचं नाही. तिची ठिपक्याला ठिपका अशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि शोधाशोध नकलेवर. पण ही डिस्क मोठी होती. सगळी उतरवायची तर कितीतरी तास ती फिरती ठेवावी लागणार, आणि तेवढं आयुष्य तिच्यात दिसत नव्हतं. म्हणजे आधी ठरवायचं, कुठला तुकडा हवा. जळत्या घरात शिरून एकच पेटी उचलायची असेल तर ती कुठल्या खोलीत आहे ते माहीत पाहिजे. मला माहीत नव्हतं.

मी डिस्क गार होऊ दिली. मग लावली, एका जागेवरून एक घास उचलला, बंद केली. दुसऱ्या जागेवरून एक घास, बंद. घासातून एखादं चित्र निघायचं. तारखेवर विश्वास नव्हता, कारण डब्याचं घड्याळ कधी कुणी लावलेलंच नव्हतं. म्हणून मी मांडव शोधत होते. मुहूर्ताचा मांडव यार्डात दिसला की ती जागा आपली.

पहिल्या चित्रात रिकामं यार्ड. दुसऱ्यात पावसाची डबकी, म्हणजे फार जुनं. तिसऱ्यात मांडवाचे बांबू जमिनीवर पडलेले.

"हे आदल्या दिवशीचं," मागून वासुदेव म्हणाला. "बांबू मीच उतरवले."

आदला दिवस डिस्कच्या शेवटाला होता. डीव्हीआर शेवटाला पोचला की परत सुरुवातीला येऊन लिहू लागतो. म्हणजे मुहूर्ताचा दिवस सुरुवातीला. आणि फॉरमॅटनंतरचा नांगर सुरुवातीपासूनच चालला होता.

हे मी तोंडानं सांगितलं नाही. मेघाला कळलं असावं, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

मी सुरुवातीचा घास घेतला. चित्र आलं. जळालेल्या गंजीची काळी राख, वाकलेले टिन, आणि राखेच्या उबेला झोपलेला एक कुत्रा. हे आगीनंतरचं, म्हणजे पुराव्याचं रक्षण चालू असतानाचं. थोडं पुढे. कुत्रा. आणखी पुढे. कुत्रा कूस बदलून. त्या कुत्र्यानं मुहूर्ताची सकाळ खाल्ली होती, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. डिस्क दोनदा टिकटिकली. प्रत्येक टिकला मी बंद करत होते, थांबत होते, परत लावत होते. भाऊसाहेब म्हणाले, "किती वेळ लागन?" मी उत्तर दिलं नाही. बहुधा त्यांना उत्तर न मिळण्याची सवय नसावी, ते उठून खिडकीपाशी गेले.

आणखी पुढे. कुत्रा उठला होता. कॅबिनच्या दिशेनं चालणारा एक माणूस दिसत होता, पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा.

आणि त्याच्या पुढचं चित्र वेगळंच. यार्डात मांडव, झेंडूची तोरणं, फाटकातून आत येणारी एक गाडी आणि तिच्याभोवती धावणारी माणसं.

नांगर तिथं थांबला होता. त्या माणसानं प्लग काढला म्हणून थांबला होता. पाहुण्यांच्या गाडीच्या अलीकडचं सगळं गेलं होतं, पलीकडचं सगळं जागेवर होतं.

"हा तुकडा मी उतरवून घेते," मी म्हणाले. माझा आवाज शाल अंगावर असल्यासारखा झाला होता, म्हणून मी पाणी प्यायले.

तुकडा उतरायला लागला. पडद्यावर हिरव्या चौकटी भरत जातात, वाचता आलं नाही तिथं लाल. हिरवी, हिरवी, लाल, हिरवी. चहा आला आणि कुणी घेतला नाही. शेवटच्या काही चौकटी राहिल्या असताना डिस्क एकदा लांबलचक कर्र करून थांबली. परत लावली, फिरली नाही. ती पुढे कधीच फिरली नाही. पण नक्कल झाली होती.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून मुहूर्त पाहिला. आवाज नाही, नुसतं चित्र. पाहुणे गाडीतून उतरले. त्यांना मी ओळखते, म्हणजे सगळेच ओळखतात. आमच्याकडे काही उघडायचं असलं की तेच उघडतात. त्यांना हार घातला. नारळ फुटला. गंजीला हळदकुंकू झालं. मग पाहुण्यांच्या हातात पेटलेल्या अगरबत्तीचा जुडगा दिला आणि त्यांनी तो गंजीत खोचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हे दरसाल असते," भाऊसाहेब म्हणाले. "त्यानं काही होत नाही."

"होत नाही कारण मी काढतो," वासुदेव म्हणाला.

तो पहिल्यांदाच भाऊसाहेबांशी बोलला. भाऊसाहेब वळले.

"काय काढतो?"

"अगरबत्ती. पाहुणे मांडवात गेले का मी काढून वाळूच्या बादलीत विझवतो. दरसाल. देवाची आहे म्हनून पाहुण्यायसमोर नाही काढत."

पडद्यावर फोटोवाला पुढे आला. त्यानं हात हलवून काहीतरी सांगितलं. उजेड मागून येत असावा. सगळी मंडळी गंजीच्या दुसऱ्या बाजूला गेली. पाहुण्यांच्या हातात दुसरा जुडगा दिला. तो त्यांनी तिथं खोचला. टाळ्या. फोटो चांगला आला असावा, कारण फोटोवाल्यानं अंगठा दाखवला. कुणीतरी त्या जुडग्यावर पाहुण्यांच्या गळ्यातला हार काढून ठेवला. सगळे मांडवाकडे गेले.

यार्ड रिकामं झालं. दूर कोपऱ्यातून एक हडकुळा माणूस बादली घेऊन आला, पहिल्या जागेवरून जुडगा उपटला, वाळूत खुपसला, बोटांनी गंजी चाचपून पाहिली आणि बादली घेऊन निघून गेला. दुसऱ्या बाजूला तो गेला नाही. जाण्याचं काही कारणच नव्हतं. फोटो दुसऱ्यांदा काढला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चित्र वेगानं पुढे पळवलं. हाराच्या जागेवरून एक धागा वर चढला. मग जाड झाला.

"दुसरा पेटवून कोनी दिला?" वासुदेवनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पंकज स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. फोटोवाल्याला त्यानंच बोलावलं होतं.

मग भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, विम्यावाल्याले द्याच्या आधी पाहुन्यायचं तोंड तेवढं कापता येईन का?"

"आम्ही काढून देतो," मी म्हणाले. "कापून देत नाही."

त्यांनी मान हलवली. वाईट माणूस नव्हे. वासुदेवकडे वळून ते म्हणाले, "उद्यापासून येजो."

"आज काय झालं?" वासुदेव म्हणाला.

तो त्याच गाडीतून अकोटला गेला, पुढच्या सीटवर, कारण मागं भाऊसाहेबांना पाय पसरायचे होते. मेघा क्लासला गेली. मेलेली डिस्क माझ्या टेबलावर राहिली, भाऊसाहेबांनी ती परत मागितली नाही. विम्याच्या कागदात काय लिहिलं गेलं मला ठाऊक नाही. पोलिसांत कुणाचंच नाव गेलं नाही, एवढं मेघानं सांगितलं.

पुढच्या मुहूर्ताला मला बोलावणं आलं. पाहुणे तेच होते. या वेळी अगरबत्ती गंजीत न खोचता वाळूच्या बादलीत खोचली. बादलीला आधी हळदकुंकू लावलं होतं. बादली धरून वासुदेव उभा होता, नवा दुपट्टा घालून. पाहुणे आग आणि सावधगिरी या विषयावर बराच वेळ बोलले आणि त्यांनी सांगितलं की या जिनिंगनं घालून दिलेला आदर्श सगळ्या जिल्ह्यानं घ्यावा. टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं 'पुन्हा एकदा' म्हटलं. वासुदेवनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो एका फोटोवर थांबला.

हा लेख लिहायचा ठरल्यावर मला ते चित्रीकरण एकदा बघावंसं वाटलं. माझ्याकडची नक्कल मी महिन्याभरानं पुसून टाकली होती, गिऱ्हाइकाचं काही ठेवायचं नाही हा दुसरा नियम. नुसती नोंद नव्हे, नांगर फिरवून. डिस्क तर गेलेलीच होती. राहिला भाऊसाहेबांना दिलेला पेनड्राइव्ह. मी अकोटला फोन केला.

"आहे ना," भाऊसाहेब म्हणाले. "गाडीतच आहे. पंकजच्या लग्नात त्याच्यात गाणे भरले."